हजचे चित्रमय दाखले : भक्ती की पोचपावती?

चौकसबुवा
हजचे जुने दाखले म्हणजे कागदाची लांबलचक गुंडाळी. त्यावर मक्का, अराफात, मदिना अशी ठिकाणं रंगवलेली आणि साक्षीदारांची नावं. त्यातले बरेच ‘हज-ए-बदल’चे. आजारी किंवा वारलेल्या माणसाच्या नावाने दुसऱ्याने हज करायचा आणि पुरावा म्हणून हे भेंडोळं आणून द्यायचं. तुर्कस्तानच्या उस्मानी सुलतान सुलेमानचा मुलगा मेहमेद १५४३ साली वारला. त्याच्या नावे झालेल्या हजचा दाखला इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात आहे. चित्रं देखणी आहेत, वादच नाही. पण ही पैसे घेऊन केलेल्या कामाची पोचपावती. तिला भक्तिकला म्हणून कशाला मिरवायचं?

खाडीपलीकडची
अहो, नुसती पावतीच हवी असती तर त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीसारख्या चार ओळी पुरल्या असत्या! ब्रिटिश लायब्ररीत मैमूना नावाच्या बाईचा १४३३ सालचा दाखला आहे. ती स्वतः हजला गेली होती, कुणाची बदली नव्हती. त्यावर पैगंबरांच्या पादत्राणांचंही चित्र आहे. पादत्राणांनी कोणता व्यवहार सिद्ध होतो, सांगा बरं. या दाखल्यांतली काबाची चित्रं नीट बघा. अंगण वरून पाहिल्यासारखं सपाट, पण मिनार आणि दरवाजे समोरून दिसावेत तसे आडवे पसरलेले. जमजमची विहीर, काबाच्या छताची पन्हळ, सगळं जागच्या जागी. घरी बसलेल्याला बोटाने तवाफ, म्हणजे काबाची प्रदक्षिणा, करता यावा अशीच ही मांडणी, असं मला तरी वाटतं.

शाईचा डाग
चौकसबुवांशी सहमत. एकोणिसाव्या शतकात तर शिळाछापावर छापलेले, नावाची जागा कोरी सोडलेले दाखले निघाले. नाव भरा, घेऊन जा. आणि हे तेव्हाच सुरू झालं असंही नाही. दमास्कसच्या उमय्यद मशिदीत सापडलेल्या अकराव्या ते तेराव्या शतकांतल्या दाखल्यांतही लाकडी ठशांनी छापलेले आहेत. बाजार जुनाच.

दाभोळकर_नाही_दाभोळचा
पैशाचं नाव निघालं की सगळे नाक मुरडतात. आम्ही कोकणी मुसलमान शाफई, म्हणजे सुन्नींच्या चार मजहबांपैकी (धर्मशास्त्राच्या परंपरांपैकी) एक. आमच्यात बदली जाणाऱ्याने आधी स्वतःचा फर्ज (बंधनकारक) हज केलेला असावा लागतो. म्हणजे कुणालाही धरून पाठवलं असं होत नाही. खर्च बहुतेक वेळा मयताच्या मालमत्तेतून, म्हणजे ती अमानत. वारसांनी साक्षीपुरावा मागितला तर त्यात बाजार कसला? हिशेब चोख ठेवणं हाही दीनचाच, म्हणजे धर्माचाच, भाग आहे. रंगीत काढून दिला म्हणून तो खोटा होत नाही.

खाडीपलीकडची
+१. शिवाय चार मजहबांच्या इमामांसाठी काबाभोवती जे चार मकाम (नमाज पढवायच्या छत्र्या) होते, ते सौदी राजवटीत हटवले गेले. या दाखल्यांवर ते अजून उभे आहेत.

चौकसबुवा
उभे आहेत, पण चित्रकार दरवेळी काबासमोर बसून काढत नव्हता. ठरलेला नमुना असायचा, त्यावरून पुढच्या गुंडाळ्या. तेव्हा नकाशा म्हणून वापरताना जरा जपून. दाभोळवाल्यांचा मुद्दा मात्र माझ्याच बाजूचा आहे हो! हिशेब चोख हवा ना? मग संग्रहालयाच्या पाटीवर ‘नयनरम्य कलाकृती’ लिहिण्याआधी हज कुणाच्या नावे झाला, केला कुणी आणि साक्षीदार कोण, एवढं लिहा.

शाईचा डाग
आणि पैसे कुणी दिले, तेही.