डांबर लागलेला बगळा?

खाडीपल्याड
नमस्कार मंडळी. दिवाळीला हर्णैजवळ गावी आलेय. परवा ओहोटीला बाबांबरोबर कालवं काढायला कातळावर गेले, तर तिथे एक बगळा. पाटीसारखा काळपट, फक्त हनुवटी आणि गळा पांढराफेक, दूध पिताना सांडल्यासारखा. बाबा म्हणाले, "डांबरात पडलाय बिचारा." पावसाळ्यात आमच्या किनाऱ्याला डांबराचे गोळे लागतात, तळपायाला चिकटले की खोबरेलाशिवाय निघत नाहीत, म्हणून मलाही पटलं. पण काल थोडं पुढे तसलाच आणखी एक! दोघांचा गळा तेवढाच पांढरा. डांबर इतकं मोजूनमापून लागतं होय? फोटो काढलाय, पण त्यात बगळा कमी आणि कातळ जास्त.

शिवडीकर
ताई, पक्षी ठणठणीत आहे. हा समुद्री बगळा. एकाच जातीत काळपट आणि पांढरा असे दोन रंग असतात. नर-मादीचा किंवा वयाचा त्याच्याशी संबंध नाही, काळ्या-पांढऱ्याची जोडीही जमते. काही जण मधलेच, राखाडी अंगावर पांढरे ठिगळ लावलेले. आपल्याकडे काळे बरेच दिसतात, तांबड्या समुद्राकडे पांढरे जास्त. घरटं काटक्यांचं, बहुधा खारफुटीवर, इतर बगळ्यांच्या शेजारात. अंडी फिकट निळसर हिरवी.

ठाणे खाडी
काळा ओळखायला सोपा हो, माझी फजिती पांढऱ्याने केली. कित्येक वर्षं मी त्याला 'लहान बगळा' या दुसऱ्याच जातीचा म्हणून वहीत लिहीत होतो. कारण पाय! कोणीतरी शिकवलेलं की पंजे पिवळे म्हणजे लहान बगळा. पिवळे मोजे दोघांनीही घातलेले असतात. चोच बघा. लहान बगळ्याची सडपातळ, सरळ, काळी. याची जाड, पिवळट तपकिरी, टोकाकडे किंचित झुकलेली. तरी काही पक्षी दगा देतातच, कारण या दोन जातींचा संकरही होतो. एके काळी तर समुद्री बगळ्याला लहान बगळ्याचीच उपजात धरत. जुनी वही आता उघडवत नाही.

मालवणी माणूस
आमच्याकडे तेका काळो बगळोच म्हणतत. शिकार बघलास काय? ढोकरी कशी साधूसारखी एका जागी बसते, ह्याचा तसं नाय. मान खांद्यात घालून उभो ऱ्हवतलो, मग एकदम पंख अर्धे उघडून दारू प्यायल्यासारखो धावत सुटतलो. निवटी (चिखलातले मासे), चिंगळां, खेकडे, मिळात तां खाता.

शिवडीकर
हाहा, धावण्याचं वर्णन शंभर टक्के! शिवाय एक पाय डबक्यात थरथरवून लपलेलं भक्ष्य उठवायची सवय आहे. अंदमानला कोणी जाणार असेल तर तिथल्या काळ्या बगळ्याला हाच समजू नका. तो प्रशांत समुद्री बगळा, निराळी जात, पाय आखूड.

खाडीपल्याड
आज पुन्हा गेलो. तासभर बघितला. चोच जाड आणि पिवळट, खात्री केली. डबक्यात पाय थरथरवणंही दिसलं, मला वाटलं त्याला मुंग्या आल्यात! एक निवटी पकडली, दोनदा निसटली, तिसऱ्यांदा गिळली, मग गळ्यातली ती पांढरी जागा फुगून खाली सरकली. भरती चढली तसा एकेक खडक सोडत मागे आला आणि शेवटी नांगरलेल्या होडीच्या दोरावर डुगडुगत बसला. बाबांनी खोबरेलाची बाटली पिशवीत घेतलेली, "सापडलाच तर पुसू" म्हणून. घरी आल्यावर ते तेल त्यांच्याच टाचेला लागलं.