‘श्यामची आई’ दहा-अकरा वर्षांच्या मुलांना द्यावी का?

यवतेश्वर:
साताऱ्यात आमच्या कॉलनीत रविवारी मुलांचं वाचन चालतं. दिवाळीच्या सुट्टीत कोणतं पुस्तक घ्यायचं यावरून पालकांत दोन तट पडलेत. ‘श्यामची आई’ रडकी आहे, जुनी झाली, असं बऱ्याच जणांचं म्हणणं. मला ती घ्यायचीच आहे आणि सगळी घ्यायची आहे. शाळेतल्या धड्यांमुळे आपल्याला तिच्यातले दोन-चार प्रसंगच ठाऊक असतात. कर्जाच्या रात्री (पुस्तकातल्या प्रकरणांना ‘रात्र’ म्हटलंय) किती जणांना आठवतात? खाऊनपिऊन सुखी असलेलं खोताचं घर सावकारापायी कसं खचतं, तेल आहे तर मीठ नाही अशी वेळ कशी येते, हे मुलांसमोर इतक्या उघडपणे दुसऱ्या कुणी मांडलंय? हप्त्यांवर चाललेल्या आजच्या घरांतल्या मुलांना हे कळायला हवं. फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात साने गुरुजींनी हे पुस्तक अवघ्या काही दिवसांत लिहिलं. त्यात सजावट नाही, आणि तीच त्याची ताकद आहे.

कृष्णाकाठची:
ठाम असहमत. मी सांगलीची, दोन मुलांची आई. हे पुस्तक वाचून मुलं हळवी होतात याला माझा विरोध नाही. आईपणाचं जे माप त्यात घालून दिलंय, त्याला आहे. ती आई उपाशी राहते, अपमान गिळते, झिजत झिजत मरते, आणि आपण तिला हात जोडतो. माझ्या मुलीने हे वाचून काय शिकायचं? झिजणं म्हणजेच प्रेम?

दुसरं, ‘देवाला सारी प्रिय’ ही रात्र पुन्हा वाचा. महार म्हातारीच्या डोक्यावर मोळी चढवून दे, असं आई श्यामला सांगते आणि घरी आल्यावर आंघोळ करायलाही सांगते. दहा वर्षांच्या मुलाला ही आंघोळ कोण समजावणार?

जुना मास्तर:
ताई, ती आंघोळ आहे म्हणूनच ते पान मोलाचं आहे. गुरुजींना ती गाळता आली असती. आईला देव्हाऱ्यात बसवायचं असतं तर त्यांनी गाळलीच असती. तिची पोच कुठवर होती ते त्यांनी खरं लिहिलं आणि स्वतः त्याच्या पुढे गेले. विठ्ठलमंदिर हरिजनांना खुलं व्हावं म्हणून १ मे १९४७ ला हाच माणूस पंढरपुरात उपोषणाला बसला आणि १० मेपर्यंत बसून राहिला. पालगडच्या, म्हणजे गुरुजींच्या कोकणातल्या गावच्या, अंगणातून तिथवरची वाट मुलांना दाखवा. अमळनेरच्या शाळेतली नोकरी सोडून १९३० च्या चळवळीत उडी घेणारा, १९४८ मध्ये ‘साधना’ साप्ताहिक सुरू करणारा, सगळ्या प्रांतांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात म्हणून आंतरभारतीचं स्वप्न पाहणारा माणूस आपण नुसता ‘मातृहृदयी’ करून ठेवला, याचा मला खरोखर राग येतो.

कृष्णाकाठची:
सर, तुमचा राग पटतो. पण मुलाच्या हातात पुस्तक असतं, चरित्र नसतं. १९४७ मध्ये लेखकाने काय केलं हे त्या पानावर लिहिलेलं नाही. लेखक थोर, म्हणून पान आपोआप योग्य ठरत नाही. आणि झिजणाऱ्या आईबद्दल तुम्ही काहीच बोलला नाहीत.

माणदेशी:
मी थोडं वेगळं बोलतो. आमच्याकडे लोक म्हणतात, हे कोकणातलं पुस्तक, नारळ-सुपारीच्या वाड्यांचं, दुष्काळी भागातल्या पोरांना ते काय कळणार. अहो, गुरुजी काही काळ आपल्या सातारा जिल्ह्यातल्या औंधच्या शाळेत शिकले! परक्या गावात हाताने रांधून खात राहिले, पुढे प्लेगमुळे त्यांना औंध सोडावं लागलं. त्यांच्याच ‘धडपडणारा श्याम’ या पुस्तकात औंधचे दिवस आहेत. यमाईच्या डोंगरावर सहल काढतो आपण, म्युझियममधली चित्रं पाहतो, पण मुलांना हे कुणी सांगत नाही. माझं मत, सुरुवात तिथून करा.

यवतेश्वर:
@माणदेशी, औंधचं नक्की घेतो.
@कृष्णाकाठची, झिजण्याबद्दल बोलतो. ती आई नुसती सोसणारी नाही. पाण्याला भिऊन लपलेल्या श्यामला ती शिंपटीने मारत पोहायला पाठवते. आजारी मोलकरणीची, मथुरीची, चौकशी करते. नवऱ्याच्या कारभारात तिला काही म्हणता येत नव्हतं, तो तिच्या काळाचा अन्याय आणि तो पुस्तकात स्पष्ट दिसतो. ती गेली तेव्हा श्याम जवळ नव्हता, त्याला तिचं शेवटचं दर्शनही झालं नाही. ही सगळी हळहळ मुलाच्या मनातली आहे. तुम्हीही अशाच व्हा, असा हुकूम त्यात मला कुठे दिसत नाही.

कृष्णाकाठची:
हुकूम पुस्तकात नसेल, आपल्या समाजात आहे. मातृदिनाला शाळेत भाषणं ऐका. म्हणून माझं म्हणणं एवढंच, दहाव्या वर्षी नको. चौदाव्या वर्षी द्या, वाद घालता येईल तेव्हा.

जुना मास्तर:
चौदाव्या वर्षी मुलं मोठ्यांसोबत बसून वाचत नाहीत, ताई. श्याम आश्रमातल्या मित्रांना रोज प्रार्थनेनंतर एकेक गोष्ट सांगतो, म्हणून तर प्रकरणांना ‘रात्र’ म्हटलंय. मोठ्याने वाचायचंच पुस्तक आहे ते. यवतेश्वर, एका बैठकीला एकच रात्र घ्या आणि मुलांना मधेच प्रश्न विचारू द्या. मोळीची रात्र वगळू नका.

कृष्णाकाठची:
त्या रविवारी मला बोलवा. सांगलीहून येईन. माझी मुलगीही येईल, आणि आंघोळीचा प्रश्न तीच विचारेल.