नंबर प्लेटचे दिवे बल्ब बदलूनही लागत नाहीत, उद्या पहाटे निघायचंय – मदत हवी आहे

लोकमान्यनगरवाला
नमस्कार मंडळी. गाडीच्या मागच्या नंबर प्लेटवरचे दोन्ही दिवे बंद आहेत. नवे बल्ब आणून घरीच लावले, तरी उजेड नाही. उद्या पहाटे चारला आई-बाबांना घेऊन इंदूरहून नाशिकला निघायचं आहे. आज रविवार, नेहमीचा मेकॅनिक गावी गेलाय आणि सर्व्हिस सेंटरवाले मंगळवारी या म्हणतात. घरी काय करता येईल ते लवकर सांगा. बल्ब कसा बदलायचा ते विचारत नाहीये, ते झालंय.

मालवी_मावळा
गाडी कुठली? कधीची? बल्ब कुठला आणलात? ज्योतिषाला सुद्धा जन्मवेळ लागते हो.

जुनी_इंदूर
आधी फ्यूज बघा. नव्वद टक्के वेळा फ्यूजच असतो.

ग्वाल्हेरचा_बापू
एलईडी टाका, विषय संपला. मी इथे ग्वाल्हेरच्या लष्कर भागात गल्लीतल्या दुकानातून घेऊन चारही गाड्यांना लावलेत. पांढराशुभ्र उजेड पडतो, वीज नावाला लागते. फक्त एक लक्षात ठेवा, एलईडीला प्लस-मायनस असतं. लागला नाही तर उपसून उलटा बसवायचा.

लोकमान्यनगरवाला
स्विफ्ट, डिझेल, २०१३ ची. बल्ब दुकानदाराने दिले तेच. साधे आहेत, एलईडी नाहीत.

मालवी_मावळा
«दुकानदाराने दिले तेच» म्हणजे कुठले? काचेच्या चपट्या बुडाशी दोन तारा दुमडलेल्या असतील तर तो टी१०, १२ व्होल्ट ५ वॉटचा. तोच लागतो. दोन्ही टोकांना धातूच्या टोप्या असलेला नळीसारखा असेल तर तो या होल्डरमध्ये बसायचाच नाही. आणि बल्ब धरताना काचेला बोटं लावली का? तेलकट बोटांनी बल्ब उडतो.

वायरिंगवाली
बोटांचं ते हेडलाईटच्या हॅलोजनला लागू. एच४ मध्ये क्वार्ट्झची काच आणि भयंकर उष्णता असते, म्हणून तिथे कापडाने धरायचा. पाच वॉटच्या साध्या बल्बला हात लावल्याने काही होत नाही. लोकांना उगाच घाबरवू नका.

मालवी_मावळा
ताई, स्वच्छ धरायला काय पैसे पडतात? माझ्या वडिलांनी आयुष्यभर रुमालानेच बल्ब लावले.

वायरिंगवाली
रुमालाला माझी ना नाही. पण या भाऊंचे दोन्ही नवे बल्ब एकदम बंद आहेत, ते बोटांमुळे नाहीत एवढंच म्हणतेय.
लोकमान्यनगरवाला, चार गोष्टी सांगा. पार्किंग लाईट लावल्यावर मागचे लाल दिवे दोन्ही बाजूंचे लागतात का? डिक्कीवरचा वरचा ब्रेक लाईट लागतो का? मागचा वायपर चालतो का? आणि दिवे हळूहळू गेले, लुकलुकत गेले, की एका रात्रीत?

सराफा_रात्रपाळी
नाशिकला जाताय तर महू-मानपूर घाट अंधारात उतरून खलघाटला नर्मदेच्या पुलावर उजाडेल असं बघा. पुढे ठीकरी, जुलवानिया, सेंधवा. बिजासन घाटात ट्रक फार, उतारावर गिअरमध्येच ठेवा. पळासनेर लागलं की महाराष्ट्र. शिरपूरला चहा घ्या.

लोकमान्यनगरवाला
रस्ता माहीत आहे हो, दरवर्षी जातो. दिव्याचं बोला.
@वायरिंगवाली लाल दिवे लागतात. ब्रेकचाही लागतो. वायपर चालतो. दिवे कधी गेले ते माहीत नाही, शेजारच्यांनी सांगितलं तेव्हा कळलं. हां, आत्ता बल्ब बसवताना डिक्की वर असताना डावीकडचा एकदा क्षणभर लागला होता, मग गेला. होल्डर ढिला असेल वाटलं.

वायरिंगवाली
हेच पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं! डिक्कीच्या हालचालीने दिवा येतो-जातो म्हणजे होल्डर नाही, तार तुटलीय.
डिक्की उघडल्यावर वर बिजागरीपाशी घड्याघड्यांची काळी रबरी नळी दिसेल, बॉडीतून डिक्कीत जाणारी. सगळ्या तारा त्यातून जातात. दहा-बारा वर्षं डिक्की उघडझाप झाली की आत तांबं मोडतं, वरून आवरण शाबूत दिसतं. नंबर प्लेटच्या दोन्ही दिव्यांना बहुतेक वेळा एकच तार येते, म्हणून दोन्ही एकदम जातात. वायपर आणि ब्रेक लाईट चालतात, म्हणजे डिक्कीचं अर्थिंग बहुधा ठीक आहे. माझ्या वडिलांचं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान होतं, हॅचबॅक गाड्यांचा हा सगळ्यात नेहमीचा आजार.

जुनी_इंदूर
तरी फ्यूज बघायला काय हरकत आहे? दहा अँपिअरचा लाल, साडेसातचा तपकिरी, पंधराचा निळा. काढून बघायला दोन मिनिटं लागतात.

वायरिंगवाली
काका, शेपटीचे लाल दिवे पेटताहेत. बहुतेक गाड्यांत त्यांचा नि प्लेटचा फ्यूज एकच असतो. बघू द्या, पण तिथे वेळ घालवू नका.

ग्वाल्हेरचा_बापू
एलईडीला करंट कमी लागतो, अर्धवट तुटलेल्या तारेवरही लागेल. म्हणून म्हणतो, एलईडी टाका.

वायरिंगवाली
बापू, नका हो असं सांगू. प्रश्न उजेडाचा नाही, उघड्या तांब्याचा आहे. सोललेली तार पत्र्याला टेकली की शॉर्ट होऊन फ्यूज उडेल, आणि त्याच फ्यूजवर लाल दिवेही असतील तर तेही जातील. बिजासन घाटात मागून ट्रक येताना अंधारी गाडी घेऊन जायचंय का? आई-बाबा बरोबर आहेत.

ग्वाल्हेरचा_बापू
हे पटलं. पण दुरुस्तीनंतर एलईडीच टाका. पांढरेच घ्या हं, नियमात पांढराच उजेड सांगितलाय. निळ्यावर पोलीस अडवतात.

एमपी०९_फॅन
नंबर प्लेट काढून बल्बपर्यंत पोचायचा विचार असेल तर थांबा! हाय सिक्युरिटी प्लेटचं लॉक एकदा तोडलं की परत बसत नाही, नवी मागवावी लागते. एप्रिल २०१९ पासूनच्या सगळ्या नव्या गाड्यांना तीच येते.

मालवी_मावळा
प्लेट काढायचं इथे कोण म्हणालं?

लोकमान्यनगरवाला
नळी सापडली. बॉडीकडचं टोक ओढून काढलं. आत चार-पाच तारा आहेत. एक पूर्ण तुटलेली, दुसरीचं आवरण सालीसारखं निघालंय आणि तांबं हिरवं पडलंय. आता? टेप गुंडाळू?

वायरिंगवाली
नुसती टेप नको, उन्हात सुटते. पार्किंग लाईट बंद करा, किल्ली काढा, जमलं तर बॅटरीचा मायनस काढून ठेवा. दोन्ही तुटक्या टोकांचं काळं-हिरवं तांबं चकचकीत दिसेपर्यंत कापून टाका. मग लांबी कमी पडेल, म्हणून मध्ये मऊ, बहुतारी वायरीचा तुकडा जोडा. घरातली एकतारी वायर नको, ती पुन्हा मोडेल. पाच-पाच वॉटचे दोन बल्ब म्हणजे एक अँपिअरसुद्धा नाही, तेव्हा पाऊण चौरस मिमीची भरपूर झाली. आधी उष्णतेने आवळणारी स्लीव्ह सरकवा, मग पीळ मारून सोल्डर करा, मग स्लीव्ह आवळा. सांधे नळीच्या वळणावर येऊ देऊ नका, बाहेर बॉडीत घ्या. हिरवी पडलेली तारही तशीच दुरुस्त करा, तीही जाणारच आहे.

सराफा_रात्रपाळी
महाराणी रोडला सगळं सामान मिळतं, पण आज रविवार. वरच्या मजल्यावर कुणी मुलगा इंजिनीअरिंगचा असेल तर सोल्डरिंग आयर्न निघेलच. आणि भिया, काम झाल्यावर सराफ्याच्या रात्रीच्या खाऊबाजारात गराडू (तळलेला कंद) खायला या.

लोकमान्यनगरवाला
सोल्डरिंग आयर्न शेजारी मिळालं, स्लीव्हही त्यांच्याकडेच होती. दोन्ही तारा जोडल्या. आधी बल्ब लावून पाहिला, दोन्ही लागले. डिक्की पंधरा-वीस वेळा उघडझाप केली, अर्ध्यावर धरून हलवली, दिवे तसेच. मग नळी परत भोकात बसवली. तिचा ओठ आत नीट बसवायलाच सगळ्यात वेळ लागला. न बसवता सोडली असती तर पावसाचं पाणी आत गेलं असतं. @वायरिंगवाली ताई, मनापासून आभार. तुमच्याशिवाय आज सगळी रात्र बल्बच बदलत बसलो असतो.

वायरिंगवाली
छान. पहाटे निघताना एकदा ब्रेक, इंडिकेटर आणि वायपर तपासा, जोडताना शेजारच्या तारेला ताण बसलेला असू शकतो. सुखरूप जा.

जुनी_इंदूर
एक विचारायचं होतं. माझ्या वॅगन आरची डिक्की अर्धी उघडली की आतला दिवा विझतो, पूर्ण उघडली की लागतो. हीच भानगड असेल का? फ्यूज बघितलाय.