संमतीच्या सहीनंतर काय?

भाषा-संशोधनासाठी लोकांचे आवाज रेकॉर्ड करण्याबद्दलच्या चर्चेत एकांनी लिहिलंय की सहभागींची लेखी संमती घेतली की संशोधकाची जबाबदारी संपली. मला हे अजिबात पटत नाही. न्यूझीलंडमधलं ‘ते हिकू मीडिया’ हे तिथल्या मूळनिवासी माओरी लोकांचं रेडिओ केंद्र बघा. 2018 मध्ये त्यांच्या आवाहनावरून लोकांनी दहा दिवसांत 300 तासांहून जास्त वाचन रेकॉर्ड करून दिलं. त्यावर माओरी बोलणं ओळखणारी प्रणाली त्यांनी स्वतःच उभी केली. बाहेरच्या कंपन्यांना डेटा द्यायला मात्र ठाम नकार! केंद्र स्वतःला मालक नाही, राखणदार मानतं. ज्यांना शाळेत माओरी बोलल्याबद्दल मार बसला, त्यांच्या नातवंडांनी तीच भाषा कंपनीकडून विकत घ्यायची? गोंडी, कोरकू बोलणाऱ्यांचे आवाज गोळा करताना ते पुढे कुणाच्या हातात जाणार, हे आधी गावात बसून सांगायलाच हवं.