मुलाच्या ऑपरेशनला आईची सही चालत नाही का? आणि केस पेपर नेमके कुणाचे?

पवननगरची_आई

नमस्कार. जरा लांबलचक लिहितेय, सांभाळून घ्या.

मुलगा १४ वर्षांचा, नववीत. आम्ही नाशिकला सिडकोत राहतो, मी अंबडला एका कंपनीत क्वालिटीला आहे. नवरा आणि मी चार वर्षांपासून वेगळे. केस इथेच कौटुंबिक न्यायालयात चालू आहे, निकाल नाही. मुलगा पहिल्यापासून माझ्याकडे, ते पुण्याला.

गेल्या महिन्यात एका गुरुवारी रात्री पोराच्या पोटात इतकं दुखायला लागलं की पाय पोटाशी घेऊन तो बाथरूमच्या उंबऱ्यावरच बसून राहिला. रिक्षाने एका खासगी हॉस्पिटलात नेलं. सोनोग्राफी झाली, अपेंडिक्स निघालं, लगेच काढावं लागेल म्हणाले. म्हटलं काढा. फॉर्म पुढे आला, मी पेन उचललं, तर काउंटरवरचा मुलगा म्हणतो, "मॅडम, वडील कुठेत? वडिलांची सही लागेल." म्हटलं मी आई आहे. "हो, पण पेशंटच्या नावात वडिलांचं नाव आहे ना, सिस्टीममध्ये पालक म्हणून तेच पडलंय." आता मला सांगा, आपल्याकडे कुणाच्या नावात मधे वडिलांचं नाव नसतं?

पाऊण तास गेला. भूल देणाऱ्या डॉक्टर बाई आल्या, म्हणाल्या, "आई समोर उभी आहे, मग थांबलात कशाला?" तेव्हा कुठे माझी सही झाली. ऑपरेशन नीट पार पडलं, पोरगा आता शाळेत जातोय.

पुढचं ऐका. कंपनीच्या मेडिक्लेमवाल्यांनी आयपीडी पेपर, म्हणजे भरती असतानाचे कागद, मागितले. हॉस्पिटल म्हणतं, फाईलवर पालक वडील आहेत, त्यांचं पत्र आणा. आणि त्याच हॉस्पिटलने नवऱ्याच्या एका फोनवर डिस्चार्ज समरी व्हॉट्सॲपने पुण्याला पाठवून दिली! मला कळलं ते केसच्या मागच्या तारखेला, कारण ती समरी कोर्टात लागली. 'दोन दिवसांपासून पोटदुखी' या ओळीवर पिवळा मार्कर. म्हणजे आई दोन दिवस ढिम्म बसली होती. मला पोराने गुरुवारी संध्याकाळी सांगितलं हो, त्याआधी एक शब्द नाही. बुधवारी तर डबा पूर्ण खाऊन आला होता, मी स्वतः धुतला.

मला पेपर मिळायला हवेत. आणि त्यांना यापुढे एक चिटोरंही मिळू नये. काय करता येईल?

---

रेकॉर्डवाला_निवृत्त

ताई, सरकारी दवाखान्यात रेकॉर्ड सेक्शनला २८ वर्षं काढली. तोंडी मागू नका. तोंडी मागितलं की 'साहेब नाहीत', 'सोमवारी या' हे चालूच राहतं. साध्या कागदावर अर्ज लिहा, दोन प्रती. एक त्यांना, दुसरीवर तारखेसह इनवर्डचा शिक्का. शिक्का देत नसतील तर अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा.

अर्जात 'फाईल द्या' असं मोघम लिहू नका, नाहीतर डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स हातात ठेवतील. नावं घ्या: ॲडमिशन नोट, कन्सेंट फॉर्म, ऑपरेशन नोट, भुलीचा चार्ट, नर्सिंग नोट्स, सगळे रिपोर्ट. पहिली ॲडमिशन नोट तुमच्यासाठी महत्त्वाची. रात्री ड्युटीवरचा डॉक्टर पोराला काय काय विचारतो ते तिथे उतरवलेलं असतं. समरी ही नंतर त्यावरूनच, घाईत, कुणीतरी टाइप केलेली.

मेडिकल कौन्सिलचे २००२ चे नियम आहेत. पेशंटने किंवा त्याच्या अधिकृत माणसाने रेकॉर्ड मागितलं की ७२ तासांत द्यायचं. आणि भरती पेशंटचं रेकॉर्ड तीन वर्षं सांभाळायचं. तेव्हा 'सापडत नाही' हेही चालणार नाही. झेरॉक्सचे पैसे घेतील, ते द्या.

---

सीबीएसचा_काळा_कोट

वर काकांनी सांगितलंय ते बरोबर. त्यात १९९६ चा मुंबई उच्च न्यायालयाचा रघुनाथ रहेजा निकाल जोडा. केस पेपर गोपनीय आहेत म्हणून पेशंट किंवा जवळच्या नातेवाइकाला प्रती नाकारता येत नाहीत, असं त्यात स्पष्ट आहे.

आता सहीचं. त्याच २००२ च्या नियमांत ऑपरेशनआधी अज्ञान, म्हणजे १८ वर्षांखालच्या, मुलासाठी 'पालक' यांची लेखी संमती घ्या असं आहे. पालक म्हणजे आई किंवा वडील. 'वडीलच' हे काउंटरने स्वतःच्या मनाने घातलं.

हा गोंधळ येतो कुठून? १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याचं कलम ६ म्हणतं, नैसर्गिक पालक वडील, 'आणि त्यांच्यानंतर' आई. गीता हरिहरन यांनी मुलाच्या नावाने रिझर्व्ह बँकेकडे रोख्यांसाठी अर्ज केला तेव्हा बँकेने हेच ऐकवलं, वडिलांची सही आणा. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९९९ मध्ये निकाल लागला: 'नंतर' म्हणजे वडील वारल्यानंतर नव्हे, त्यांच्या गैरहजेरीत. मूल प्रत्यक्षात आईच्या ताब्यात असेल, वडील लक्ष घालत नसतील, तर आई त्यांच्या हयातीतही पालक. तुमची स्थिती जवळपास हीच.

दुसऱ्या मागणीवर मात्र तुम्हाला आवडणार नाही असं सांगतो. वडीलही पालकच आहेत. कोर्टाने त्यांचा हक्क काढलेला किंवा मर्यादित केलेला नसेल तर हॉस्पिटल त्यांना 'तुम्हाला देणार नाही' असं म्हणू शकत नाही. चूक झाली ती पद्धतीत. अर्ज नाही, ओळखपत्र नाही, नुसत्या फोनवर मुलाची समरी पाठवली. तक्रार त्याची करा. बाकी हवं असेल तर तुमच्या चालू केसमध्येच अंतरिम अर्ज, म्हणजे निकालाआधी तात्पुरता आदेश मागणारा अर्ज, टाकायला वकिलांना सांगा. बंदी सहसा मिळणार नाही. दोघांनाही प्रत मिळावी आणि उपचाराचा निर्णय ज्याच्याकडे मूल आहे त्याने घ्यावा, असं काही मिळू शकेल.

---

पवननगरची_आई

धन्यवाद. पण राग येतोय. रात्रभर स्टुलावर मी बसले, डिपॉझिट मी भरलं, आणि हक्क समान?

---

देवळालीगावचा_बाप

ताई, मी त्या दुसऱ्या बाजूचा. मुलगी नऊ वर्षांची, आईकडे असते. तिला डेंग्यू झाला, चार दिवस ॲडमिट होती, आणि मला कळलं ते तिच्या शाळेच्या व्हॅनवाल्याकडून. हॉस्पिटलात गेलो तर म्हणे आईने सांगितलंय कुणाला काही सांगू नका. प्लेटलेट किती एवढंच विचारत होतो. खाली मेडिकलच्या पायरीवर बसून राहिलो दोन तास.

तुमच्या मिस्टरांनी मार्कर मारला ते वाईटच. मी त्यांची बाजू घेत नाही. पण 'एक चिटोरंही नको' हे वाचून हात थांबला नाही.

---

बालरोग_गंगापूररोड

मी बालरोगतज्ज्ञ. कायद्यातलं वकील साहेबांनी सांगितलंच आहे, दोन गोष्टी माझ्याकडून.

रात्री खरोखर कुणीच पालक नसते आणि जीव धोक्यात असता, तरी डॉक्टरला थांबायची गरज नव्हती. भारतीय न्याय संहितेत कलम ३० आहे, पूर्वी दंड संहितेत ते ९२ होतं. संमती द्यायला कुणी वेळेत मिळत नसेल तर रुग्णाच्या भल्यासाठी सद्हेतूने केलेला उपचार गुन्हा ठरत नाही. तुम्ही तर हजर होतात. त्या पाऊण तासात अपेंडिक्स फुटलं असतं तर हॉस्पिटललाच महागात पडलं असतं.

दुसरं, या सगळ्या धाग्यात मुलगा कुठे आहे? १२ वर्षांखालच्या मुलाची संमती कायदा संमती मानत नाही. ऑपरेशनला १८ पर्यंत पालकांची सही घेतली जाते. पण मधल्या वयाच्या मुलाला मी तरी पाच मिनिटं एकट्यालाच विचारतो. पालकांना बाहेर बसवलं की निम्म्या आया दाराशी चपला वाजवत उभ्या राहतात, राहू दे. आई समोर असताना जे येत नाही ते त्या पाच मिनिटांत येतं. तुमच्या मुलाने दोन दिवस का लपवलं, हे त्याला विचारलंत का? कोर्टात लावायला नाही, सहजच. आणि त्याच्या पोटाचे कागद दोन वकिलांमध्ये फिरणार आहेत हे त्याला माहीत आहे का?

---

रेकॉर्डवाला_निवृत्त

एक राहिलं. ७२ तासांत नाही दिले तर राजीव गांधी भवनात महापालिकेच्या वैद्यकीय विभागाकडे तक्रार द्या, खासगी हॉस्पिटलची नोंदणी तिथेच असते. अर्जात खाली तसं नुसतं लिहिलं तरी पेपर लवकर निघतात, अनुभव आहे.

आणि नावाचं म्हणाल तर, १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर मुलाच्या नावापुढे आधी आईचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव, असा शासनाचा निर्णय आहे. ती पोरं १४ ची होतील तेव्हा काउंटरवरच्या मुलाची पंचाईत होणार!

---

पवननगरची_आई

बारा दिवसांनी लिहितेय. उशिराबद्दल माफ करा.

सोमवारी अर्ज दिला, काकांनी सांगितलेली सगळी नावं घालून आणि शेवटी महापालिकेची ओळही. शिक्का द्यायला खळखळ केली, पण दिला. बुधवारी संध्याकाळी फोन आला, घेऊन जा. ४६ पानं, २३० रुपये. तिथेच पार्किंगमध्ये ॲक्टिव्हावर बसून वाचायला लागले. ॲडमिशन नोटचं अक्षर मुंग्या चालल्यासारखं. तीनदा वाचलं तेव्हा लागलं: दुखणं मंगळवारपासून, आईला आज संध्याकाळी सांगितलं, शाळेच्या टीमची निवड होती. हे सगळं पोराने त्या डॉक्टरला सांगितलं होतं, मी खाली डिपॉझिट भरत होते तेव्हा. समरीत टाइप करताना फक्त 'दोन दिवस' उरलं.

गुरुवारी सकाळी गोल्फ क्लब मैदानावर खो-खोची निवड होती. दुखत्या पोटाने हा पोरगा तिथे पळून आला. निवड झालीसुद्धा.

डॉक्टर, तुमचं वाक्य मला दोन दिवस टोचत होतं. शेवटी कागद त्याच्यापुढेच ठेवले. त्याने आधी वजन पाहिलं. "४१ लिहिलंय, मी ४४ आहे." मग पानं उलटत नर्सिंग नोट्सवर आला. तिथे आहे, रात्री २.१० ला रडत होता, आईला बोलावले. त्यावर त्याने तळहात ठेवला. म्हणाला, "ते टीमचं पान दे वकिलांना. हे नको. पप्पांनी वाचलं तर फोनवर तेच विचारत बसतील."

वकिलांना सध्या एकच पान दिलंय. ते म्हणाले, समोरच्यांनी मागितलं तर कोर्ट अख्खी फाईल मागवू शकतं. पोराला तेही सांगितलं. गप्प बसला.

अंतरिम अर्ज टाकतोय. उपचाराचा निर्णय आणि संमती माझी, कागदांची प्रत दोघांना. दुसऱ्या भागावर मी घरी येऊन परत चिडले, पण खोडायला सांगितलं नाही. देवळालीगावच्या दादांनी त्या पायरीचं लिहिलं नसतं तर बहुतेक सांगितलं असतं.

हॉस्पिटलने सिस्टीममध्ये पालक म्हणून माझं नाव घातलंय. आडनाव चुकवलंय, ते दुरुस्त करून घ्यायला शनिवारी परत जायचंय. आणि मेडिक्लेमवाल्यांना ४६ च्या ४६ पानं दिली, तर आता सोनोग्राफीचं ओरिजिनल बिल हवंय म्हणे. ते कुणाकडे मागायचं, काका?