रिसेप्टर आणि इन्व्हेजन: मराठीत काय म्हणावं?

फोंडेकर
स्तनाच्या कॅन्सरच्या पेशंटांसाठी एका पुस्तिकेचा अनुवाद करतेय, इथे गोव्यातल्या मराठी वाचकांत वाटायला. दोन दिवस एका वाक्यावर अडलेय. आशय असा: पेशीवरच्या रिसेप्टरकडून सतत संदेश जात राहिले की कॅन्सरची पेशी शेजारच्या ऊतीत 'इन्व्हेड' करते. मी 'ग्राहक' आणि 'आक्रमण' लिहिलं. खर्डा वाचून शेजारच्या आजींनी विचारलं, "गिरायक कसलें गो?" आणि 'आक्रमण' वाचून त्या गप्पच झाल्या.

'पसरणे' मला नको आहे. मावशीच्या रिपोर्टवर 'इन्व्हेजिव्ह' होतं आणि घरात मीच तिला "पसरलाय" असं सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने कपाटाच्या चाव्या सुनेच्या हातात ठेवल्या. प्रत्यक्षात गाठीने दुधाच्या नळीची भिंत ओलांडली होती, तेवढंच. काखेतल्या लसिकाग्रंथी स्वच्छ होत्या. चूक माझ्या शब्दाची होती.

डिचोलीकर
ताई, 'ग्राहक' नव्हे, 'ग्राही'. प्रकाशग्राही, संवेदग्राही हे शब्द आहेतच. इन्व्हेजनला 'अतिक्रमण' घ्या. कानाला नवा वाटतो म्हणून शब्द टाकून द्यायचा नसतो. 'महापौर' आणि 'दिनांक' सावरकरांनी दिले तेव्हा तेही नवेच होते.

मांडवीकाठ
माझा आक्षेप 'ग्राही'च्या अर्थालाच आहे. (प्रयोगशाळेत काम करतो, म्हणून बोलतोय.) ग्राही म्हणजे घेणारा. पण रिसेप्टर घेऊन थांबत नाही. त्याचं एक टोक पेशीबाहेर, दुसरं आत. बाहेरच्या टोकाला वाढीचा संदेश देणारं प्रथिन चिकटलं की दोन रिसेप्टर जोडीने येतात, आतली टोकं एकमेकांवर फॉस्फेट चढवतात आणि तिथून रास वगैरे प्रथिनांच्या हातोहात निरोप केंद्रकापर्यंत जातो. स्टॅन्ली कोहेन यांनी असंच एक वाढीचं प्रथिन नवजात उंदरांना टोचलं, तर पिल्लांच्या पापण्या वेळेआधी उघडल्या. १९८६ चं नोबेल त्या कामाला मिळालं.

कॅन्सरमध्ये हा निरोप थांबतच नाही. मग पेशी शेजारणीला धरून ठेवणारं ई-कॅडहेरिन कमी करते, पाय काढते आणि तळपटल, म्हणजे ऊतीखालचा पातळ पडदा, कापणारी विकरं सोडते. एवढं सगळं करणाऱ्याला 'घेणारा' म्हणायचं? 'निरोप्या' का नको?

डिचोलीकर
निरोप्या म्हणजे चालत जाणारा माणूस. रिसेप्टर जागचा हलत नाही.

चोडणची
मला विज्ञान फारसं कळत नाही, पण 'तळपटल कापणारी' वाचून आजोबांचा बांध आठवला. आमचं खाजन आहे, खाडीकाठचं बांध घातलेलं शेत. मानशीचं, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या वाटेचं, दार भरती-ओहोटीला आपसूक झुलतं, तिथून धोका कमी. धोका कुर्ल्यांचा, म्हणजे खेकड्यांचा. त्या बांधात बिळं पाडतात. कर्करोगातला कर्क म्हणजे कुर्लीच ना! आजोबा पहाटे कंदील घेऊन बांधाची आतली बाजू चाचपायचे. ओल हाताला लागली की हाक मारायचे, "खारें उदक भितर सरलें!" शेत अजून कोरडं असायचं. म्हणजे पाणी आधी शिरतं, पसरतं नंतर. फोंडेकरताई, तुमच्या मावशीला हेच सांगायला हवं होतं. मी 'शिरकाव' म्हणेन.

फोंडेकर
शिरकाव! हो. आणि दूरच्या अवयवात गेला तरच 'पसरला'.

डिचोलीकर
'शिरकाव' पाहुण्यासारखा वाटतो. 'रिघाव' भारदस्त आहे. रिघणे, रीघ, सगळं एका मुळातलं.

मांडवीकाठ
म्हणजे आपलं 'रिगप'च की. घरात रोज म्हणतो, "भितर रिग".

डिचोलीकर
रिघणे संतवाङ्मयात पानोपानी आहे. कोकणीतून घ्यायची गरज नाही.

मांडवीकाठ
घ्यायचा प्रश्नच नाही, काका. मराठीत जुना झाला तो आमच्या उंबऱ्यावर अजून जिवंत आहे, एवढंच म्हणतोय.

फोंडेकर
'रिसेप्टर'चं राहिलं. 'कुलूप आणि चावी' असं समजावलं तर?

मांडवीकाठ
काही रिसेप्टरांना चालेल. पण पुस्तिकेत हर-२ हा रिसेप्टर असणारच, आणि त्याला स्वतःची अशी चावी सापडलेलीच नाही. संख्या वाढली की ते आपापसांत जोड्या लावून निरोप सोडतात. १९९८ साली अमेरिकेत मान्यता मिळालेलं ट्रास्टुझुमॅब हे औषध त्याच्याच बाहेरच्या भागावर जाऊन बसतं.

डिचोलीकर
चावी पोर्तुगीज आहे. 'किल्ली' लिहा.

मांडवीकाठ
आणि कुलूप अरबी! तेही काढणार? पोर्तुगीज आज 'शाव' म्हणतात. 'च' त्यांच्या जुन्या उच्चारातला. म्हणजे शब्द आपल्याकडे येऊन शतकं लोटली. माझी आजी किल्ली फक्त घड्याळाला द्यायची, दाराला चावीच.

डिचोलीकर
आमच्याकडे दाराला किल्ली. डिचोलीत आजही.

फोंडेकर
पुस्तिका शुक्रवारी छपाईला जातेय. 'रिसेप्टर' तसाच ठेवू का?

चोडणची
ठेवा. रिपोर्टवर तोच दिसणार, बाईला ओळखता यायला हवा. पण माझंच 'शिरकाव' आता मला टोचतंय. आईला विचारलं, बांध फुटलेला नाही पण ओल आत आलीय, त्याला काय म्हणायचं? म्हणाली, "पाझर लागला." पण पाझरायला जोर लागत नाही, आणि ही पेशी तर कापत जाते.