मदत हवी आहे: ९० च्या पुढे क्रूझर डुलते

प्रवासीपक्षी: ६५० सीसी पॅरलल ट्विन (शेजारी-शेजारी दोन सिलिंडर) क्रूझर बाइक. ताशी ९० किमीच्या पुढे डुलायला लागते. टायर नवे, बॅलन्सिंग झालंय, हवा ठीक. परवा लांब निघायचंय. काय बदलू ते लवकर सांगा.

चक्रधर: डुलते म्हणजे नेमकं काय? हँडल सेकंदाला सात-आठ वेळा फडफडतं, की अख्खी गाडी मागून संथ झोके घेते? किती किमी झालेत?

थंपर: २७० अंशांचा क्रँक असणार. फायरिंग २७० आणि मग ४५० अंशांच्या अंतराने, म्हणजे असमान, थरथर राहणारच. हँडलच्या टोकांना जड बार-एंड (वजनं) लावा.

चक्रधर: थंपर, ती थरथर आरपीएमची (इंजिनाच्या फेऱ्यांची). त्याच वेगात एक गिअर खाली टाकून बघा. डुलणं तसंच राहिलं तर इंजिनाचा संबंध नाही.

प्रवासीपक्षी: गिअरने फरक नाही. संथ झोके. २२ हजार किमी.

कोनसेट: इंजिनाखाली जॅक लावून पुढचं चाक उचला. फोर्कची (पुढचं चाक धरणाऱ्या दोन दांड्यांची) खालची टोकं धरून पुढे-मागे ओढा. खट्ट वाजलं तर कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंग) ढिला. मग मागचं चाक उचलून चिमटा (मागचं चाक धरणारा स्विंगआर्म) आडवा हलवा, खेळ असेल तर त्याच्या सांध्यातले बुश गेले. चाकाची अलाइनमेंट दोरीने तपासा, चिमट्यावरच्या खुणांवर विसंबू नका.

लांबपल्ला: एवढं कशाला? स्टिअरिंग डँपर (हँडलचे झटके शोषणारा दांडा) लावा, विषय संपला.

कोनसेट: अजिबात नको. डँपर हँडलची फडफड दाबतो, संथ झोके उलट वाढवू शकतो.

नवखा: पाय पुढे ठेवून बसल्याने कंबर दुखते, त्यावर काही?

चक्रधर: नवखा, वेगळा धागा काढा. प्रवासीपक्षी, गाडीवर सामान काय असतं?

प्रवासीपक्षी: नेहमीचंच. दोन साइड बॅगा, बॅकरेस्टमागे तंबू, फोर्कवर उंच विंडशील्ड.

चक्रधर: हे आधी सांगायचं ना! वजन मागच्या अॅक्सलच्याही मागे गेलं की पुढचं चाक हलकं होतं, त्यात विंडशील्डवरचा वारा थेट हँडलला ढकलतो. आधी सगळं उतरवून चालवा, मग एकेक परत लावा. जड सामान खाली, अॅक्सलच्या पुढे, दोन्ही बाजूंना सारखं. प्रीलोड (स्प्रिंगचा ताण) वाढवाल तो दोन्ही शॉकअपना सारख्याच खाचांनी. झोके सुरू झाले तर ब्रेक मारू नका. थ्रॉटल हळू सोडा, हँडल आवळू नका.

प्रवासीपक्षी: सगळं उतरवल्यावर १०० ला सरळ! खट्ट नाही, पण उचललेल्या चाकाने हँडल फिरवताना मधोमध अडकतं.

कोनसेट: रेसवर (बेअरिंग ज्यावर फिरतं त्या कड्यांवर) खड्डे पडलेत, नट आवळून जाणार नाहीत. वरचे-खालचे कप आणि बेअरिंग एकदमच बदला. नट आधी आवळून बेअरिंग बसवा, मग इतपत सैल करा की हलकं ढकलल्यावर हँडल आपल्याच वजनाने दोन्हीकडे पडेल. हे निघण्याआधीच करा.